पावडर पाण्यात ढवळून मोजायची की कोरडीच?

नागपुरात ऊन तापायला लागलं की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाल्यांचा प्रश्न ठरलेला: "झिंक ऑक्साइड झालं, आता यूव्ही कसं काढू?" म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश ते किती शोषतं, हे कसं मोजू? रस्ते दोन. क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक डबीत, द्रव घेऊन शोषण मोजायचं, नाहीतर कोरड्या पावडरीचा डीआरएस, म्हणजे डिफ्यूज रिफ्लेक्टन्स (पावडरीवरून विखरून परतलेला प्रकाश), काढायचा.

संत्र्याच्या सालीच्या अर्कात चांदीचे नॅनोकण केले असतील तर विचारच नको, क्युव्हेट. ४०० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसतं. ते पुढे सरकून पसरट झालं, तर कण वाढलेत किंवा एकमेकांना चिकटलेत. नुसत्या अर्काचा स्पेक्ट्रमही (शोषणाचा आलेखही) घेऊन ठेवा, सालीतली द्रव्यं यूव्हीत स्वतःच शोषतात.

घोळ पावडरीचा होतो. पाण्यात ढवळून मोजणं सोपं, मशीन कॉलेजातच असतं. पण कण प्रकाश शोषतात तसा विखुरतातही, आणि मशीनला त्यातला फरक कळत नाही. डिटेक्टरपर्यंत प्रकाश कमी पोचला, एवढंच त्याला ठाऊक. मग ६०० नॅनोमीटरला, जिथे पांढऱ्या झिंक ऑक्साइडने काहीच शोषायला नको, तिथेही आलेख खाली टेकत नाही. त्यात कण तळाशी बसत जातात, दुसरा स्कॅन पहिल्याशी जुळत नाही. अशा आलेखावर टॉक प्लॉट (बँड गॅप, म्हणजे पदार्थाला प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, शोधायचा आलेख) काढून कुणी २.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँड गॅप सांगितला, की मी आधी बाटली बघायला मागतो. इलेक्ट्रॉनव्होल्टची तरंगलांबी काढायला १२४० ला भागायचं: १२४० भागिले २.९ म्हणजे ४२८ नॅनोमीटर. तेवढा जांभळा प्रकाश खाणारी पावडर पिवळट दिसायला हवी. तुमची तर पांढरीशुभ्र आहे, भाऊ!

डीआरएसमध्ये इंटिग्रेटिंग स्फिअर (आतून पांढरा पोकळ गोल) विखुरलेला प्रकाशच गोळा करतो, संदर्भाला बेरियम सल्फेट असतं. परावर्तनाचं शोषणात रूपांतर करणाऱ्या कुबेल्का-मंक सूत्रातून गेल्यावरच टॉक प्लॉट. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप डायरेक्ट, अ‍ॅनाटेसचा (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक रूप) इनडायरेक्ट, आणि टॉक प्लॉटमधला घातांक त्यावर ठरतो. घातांक चुकला तर उत्तरही चुकतं. गडद पावडर बेरियम सल्फेटात खलून पातळ करा. अडचण एकच, स्फिअर सगळीकडे नसतो. बाहेर नमुना द्यायचा, पैसे भरायचे, रांगेत थांबायचं. बँड गॅप छापायचा असेल तर थांबा.

पावडरीने उन्हात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग उडवून दाखवायचा असेल तर तेवढ्यापुरती क्युव्हेटच, ६६४ नॅनोमीटरवर. काचेची चालते, क्वार्ट्झ लागत नाही. मोजण्याआधी पावडर सेंट्रिफ्यूज करून काढा. आणि मे महिन्यात गच्चीवर बीकर ठेवणार असाल तर पाण्याच्या पातळीवर खूण करा. आपल्याकडच्या उन्हात पाणी आटतं, द्रावण दाट होतं, आणि रंग उडाला कमी असं वाटतं.