कोल्हापुरी गूळ: रंगावर जाऊ नका

कोल्हापुरात गूळ घ्यायला गेलं की दुकानदार आधी पिवळाधमक, गुळगुळीत रवा, म्हणजे गुळाची ढेप, पुढं सरकवतो. तांबूस-तपकिरी, जरा ओबडधोबड गूळ मागच्या फळीवर असतो. पिवळ्याला भाव जास्त आणि मागणीही जास्त. पण चवीला, टिकायला आणि पुरणाला बहुतेक वेळा मागच्या फळीवरचाच सरस निघतो. या गुळाची पारख करायची तर त्याची सुरुवात गुऱ्हाळावरून करावी लागते.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. पुढं राधानगरीच्या धरणाचं कामही त्यांनीच हाती घेतलं. पंचगंगा-भोगावतीच्या काठानं ऊस वाढत गेला आणि करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी भागात गुऱ्हाळं लागत गेली. आज सौदे शाहू मार्केट यार्डात होतात. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या हंगामाचा सौदा निघतो. मोठं गिऱ्हाईक गुजरातचं. तिकडं पिवळा, कडक गूळ लागतो. शीतगृहात ठेवून तो वर्षभर विकला जातो. गुळाचा रंग कोल्हापूरच्या स्वयंपाकघरापेक्षा या मागणीनंच जास्त ठरवला. २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातून आलेला गूळ आजही ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो. म्हणून घेताना गुऱ्हाळ कुठल्या गावचं, हे विचारायला लाजू नये. ज्याला माहीत असतं तो लगेच सांगतो.

चांगला गूळ फडातच ठरतो. पक्व ऊस लागतो, आणि तो तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत चरकात गेला पाहिजे. शिळ्या उसातली साखर फुटते, मग कितीही आटवला तरी गूळ मऊच राहतो. युरियाचा मारा झालेल्या किंवा लोळलेल्या उसाचंही तेच. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ काळपट होतो आणि जिभेला खारट लागतो. हा दोष गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या हातात नसतो, पण बोल त्यालाच लागतो.

चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो. मोठ्या काहिलीत हजारेक लिटर रसाचं एक आदण, म्हणजे एका वेळचा घाणा, निघतं. खाली चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, वाळवलेली चिपाडं जळत असतात, म्हणजे उसाचा रस उसाच्याच चिपाडावर शिजतो. जाळ घालणारा चुलव्या आणि काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या, या दोघांचं जमलं नाही तर आदण वाया जातं. रस तापू लागला की त्यात ठेचलेली भेंडीची रोपं भिजवून काढलेला बुळबुळीत चीक घालतात. हजार लिटरला दोनेक किलो भेंडी पुरते. या चिकाला रसातली घाण धरते आणि मळी होऊन वर येते. ती उकळी फुटण्याआधी झाऱ्यानं काढायची असते. एकदा का रस खळखळून उकळला की राहिलेली मळी रसातच मिसळते आणि गूळ कायमचा काळवंडतो. रसातला आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात. ती कमी पडली तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाली तर रंग गडद होतो.

पुढं रस फेसाळून काहिलीबाहेर येऊ बघतो, तेव्हा थोडं शेंगतेल किंवा एरंडेल टाकलं की फेस बसतो. पाक १०५ अंशांच्या आसपास असताना काढला तर ती काकवी, म्हणजे पातळ गूळ. ११८ अंशांपर्यंत नेला तर गूळ, आणि त्याहून दोन-तीन अंश वर नेला तर भुकटी. जुने गुळवे तापमापी वापरत नाहीत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात आणि त्याची टणक गोळी झाली की काहील उतरवतात. मिनिटाचा उशीर झाला तर करपट वास येतो, आणि तो शेवटपर्यंत जात नाही. उतरवलेला पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओतून फावड्यानं हलवतात. इथंच दाणा धरतो. घाईनं किंवा जास्त ढवळलं की रवाळपणा मोडतो. एक आदण निघायला अडीच-तीन तास जातात, आणि हजार लिटर रसातून सगळं नीट जमलं तर दोनशे किलोच्या आसपास गूळ पडतो. एवढ्या राबणुकीनंतर गिऱ्हाईक फक्त रंग बघून माल नाकारतं, याचं खरंच वाईट वाटतं.

रंगासाठी मग हायड्रॉस वापरतात. हे गंधकयुक्त रसायन रस आटत असताना घातलं की गूळ सोनेरी-पिवळा दिसतो. गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत ७० भागांपर्यंतच चालतो, पण मूठभर हायड्रॉस अंदाजानं टाकणाऱ्याला ती मर्यादा कशी कळणार? शिवाय हा रंग उसना असतो. काही आठवड्यांत गूळ परत काळपट पडू लागतो, आणि पावसाळ्यात तर झपाट्यानं. दुसरी भेसळ साखरेची. असा गूळ पांढुरका आणि दगडासारखा कडक असतो. फोडल्यावर मोठे चमकदार कण दिसतात आणि खाल्ल्यावर गोडी लगेच संपते. उसाच्या गुळाची गोडी तोंडात रेंगाळते, मागं किंचित तुरटसर चव राहते.

दुकानात करता येईल अशी पारख सोपी आहे. रव्याचा कोपरा फोडायला सांगा. आत बारीक, सारखा दाणा हवा, आणि बाहेरचा नि आतला रंग एकच हवा. खडा जिभेवर ठेवा. खारट लागला तर घेऊ नका. घरी लहान खडा कोमट पाण्यात विरघळवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळाशी चिपाडाचे बारीक काळे कण दिसले तर घाबरायचं कारण नाही, पांढरा गाळ बसला तर खडूची शंका घ्यावी. त्यात लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले तर सोडा किंवा खडू नक्की समजा. साखरेची भेसळ मात्र या परीक्षेत कळत नाही, तिथं जिभेवरच भिस्त.

आता कुठला प्रकार घ्यावा. पूर्वी तीस किलोचा रवा असायचा, आता दहा, पाच आणि एक किलोचे रवे जास्त चालतात. चार माणसांच्या घराला एक किलोचे रवे बरे, कारण मोठा रवा फोडला की उघड्या बाजूनं ओल धरतो. छोट्या वड्या प्रवासाला आणि पाहुण्यापुढं गूळ-पाणी ठेवायला छान, पण त्यांचा किलोचा भाव चढा पडतो. भुकटी चहाला सोयीची, तिला मी मधले गुण देईन. वासात ती रव्याच्या गुळापेक्षा उणी पडते, आणि डब्याचं झाकण सैल राहिलं की गोळा होतो. ‘सेंद्रिय’ असं छापलेल्या पाकिटाला जादा पैसे मोजण्याआधी प्रमाणपत्राचा क्रमांक बघा. नुसत्या काळ्या रंगावरून गूळ सेंद्रिय ठरत नाही. मळी नीट न काढलेला गूळही काळाच असतो. या सगळ्यांत काकवीला पूर्ण गुण. थंडीत गरम भाकरीवर काकवी आणि तूप, याला तोड नाही. बाटली मात्र काचेची आणि कोरडी हवी. ओला चमचा गेला की ती आंबते.

तिळाच्या वड्यांना चिक्कीचा गूळ वेगळा मागून घ्या. साध्या गुळाचा पाक ओढला तरी वडी कुडकुडीत होत नाही. पुरणाला एक किलो डाळीला एक किलो गूळ हे कोल्हापुरी प्रमाण. गूळ मऊ असेल तर पुरण सैल पडतं, तेव्हा तो शेवटी आणि जरा कमी घालावा. गुळवणीला तांबूस गूळच हवा, पिवळ्याची गुळवणी नुसती गोड लागते. खिरीत गूळ घालायचा तर भांडं उतरवून, दूध थोडं निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं.

वर्षाचा साठा मार्च संपायच्या आत भरून ठेवावा. प्रत्येक रवा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून स्टीलच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर तो डबा गरजेपुरताच उघडा.