शाकाहाराकडे वळलेल्या पोटाला मानवणारा डबा : प्रतापनगरातील एका घरगुती सेवेविषयी

नागपूरच्या प्रतापनगर भागात एक कुटुंब घरगुती शाकाहारी डबा पुरवते. दारावर पाटी नाही, जाहिरात नाही आणि ओळखीशिवाय नवे गिऱ्हाईक घेण्याची त्यांची तयारीही नाही, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. परंतु मांसाहार सोडल्यानंतर पोट फुगणे, गुडगुडणे, करपट ढेकरा येणे किंवा शौचाला साफ न होणे या त्रासाने जे नागपूरकर हैराण झाले आहेत, त्यांनी डबा लावताना नेमके काय पाहावे, हे या एका डब्यावरून फार चांगले कळते.

आमच्या घरी सावजी मटणाची सवय जुनी. मी आणि माझ्या पत्नीने मांसाहार सोडला तेव्हा प्रथम दुसरीकडचा एक डबा लावला होता. त्यात सोमवारी छोले, मंगळवारी राजमा, बुधवारी वाटाणा आणि अधूनमधून सोयाबीनच्या वड्या असत. चव उत्तम होती. पण हरभऱ्याला कणी राहिलेली असे आणि दुपारच्या जेवणानंतर पोट संध्याकाळपर्यंत ढोलासारखे ताणलेले राही. शाकाहार आपल्याला मानवतच नाही, असा निष्कर्ष काढून अनेकजण अशा वेळी पुन्हा मटणाकडे वळतात. मला हे दुःखद वाटते, कारण दोष बहुधा शाकाहाराचा नसून कडधान्य शिजवण्याच्या आणि ते वाढवण्याच्या घाईचा असतो.

मांस, मासे आणि अंडी यांत तंतुमय घटक मुळीच नसतात. डाळी, कडधान्ये, भाज्या आणि भाकर यांत ते भरपूर असतात. त्यातही कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, ज्या तोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्यांना आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहीजणांच्या पोटात मिथेनही तयार होतो. आतड्यातल्या जिवाणूंना या नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला साधारणपणे काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात सकाळी हरभऱ्याच्या रश्श्याचे तर्री पोहे, दुपारी बेसनाच्या वड्यांचा पातोडी रस्सा आणि रात्री राजमा असा क्रम ठेवला, तर एकाच दिवशी तीन वेळा हरभरा-राजम्याचा मारा होतो आणि त्यात सावजी मसाल्याच्या तिखट-तेलाची भर पडते.

प्रतापनगरच्या या डब्याचे वैशिष्ट्य असे, की तो चालवणाऱ्या काकू नव्या गिऱ्हाइकाला आधी काय खात होता हे विचारतात. आम्ही सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग सुरुवातीला मुगाचंच वरण खा, चण्याची घाई करू नका." त्यानुसार आरंभी आमच्या डब्यात सालीशिवाय मुगाची डाळ, दुधी, दोडका, कोहळे, मऊ भात आणि दोनच पोळ्या येत. पुढे तुरीचे वरण, मोड आलेले मूग, मग मटकी आणि सर्वांत शेवटी हरभरा आला, तोही अर्धी वाटीच. आरंभीचा डबा आजारी माणसाचा वाटतो आणि चमचमीत खाणाऱ्याची त्यावर चिडचिड होते, हे खरे आहे. तरीही हा क्रम योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यांचे स्वयंपाकघर मी आत जाऊन पाहिले आहे. रात्री हरभरे भरपूर पाण्यात भिजत घातलेले असतात. सकाळी ते पाणी मोरीत ओतून दाणे दोनदा धुतात, ताजे पाणी घालून उकळी आणतात, वर आलेला फेस झाऱ्याने काढून टाकतात आणि मगच कुकरचे झाकण लावतात. भिजवलेले पाणी टाकल्याने वर सांगितलेल्या शर्करांचा बराच भाग निघून जातो आणि मोड आणल्याने तो आणखी कमी होतो. शिजल्यावर काकू एक दाणा दोन बोटांत दाबून पाहतात. त्याचे मेणासारखे पीठ झाले तरच फोडणी पडते. फोडणीत हिंग, जिरे आणि ओवा असतो. ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे, की बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

दुसरी कौतुकाची गोष्ट दुधाची. मांसाहार सोडणारी माणसे प्रथिनांच्या काळजीने एकदम दूध वाढवतात. आपल्याकडे पुष्कळ प्रौढांना दुधातली लॅक्टोज ही शर्करा नीट पचत नाही, आणि तो त्रासही मग डाळीच्या खात्यावर जमा होतो. या डब्यात खीर-बासुंदी क्वचित असते. त्याऐवजी ताक किंवा कढी मिळते, ज्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असते. पनीर कधीतरी येते, पण मलईच्या रश्श्यात बुडालेले नसते.

चवीबाबत सांगायचे तर जवसाची चटणी, ज्वारीची भाकर आणि कढी ज्या दिवशी येते, तो दिवस आमच्या घरी वाट पाहण्याचा असतो. जवसात तंतू भरपूर असल्याने त्यासोबत पाणीही पुरेसे प्यावे लागते. पाणी कमी पडले तर तेच तंतू बद्धकोष्ठ वाढवतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घामावाटे किती पाणी जाते हे येथील माणसाला सांगायला नको. महिन्यातून एखादा दिवस पातोडी येते, तीही कमी तेलाची. सावजीच्या चाहत्याला ती फिकी वाटेल. मला मात्र भाजलेल्या खोबऱ्याचा आणि वर पेरलेल्या ताज्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास तिखटाखाली दबत नाही, हे आवडते.

उणिवाही आहेत. पोळ्या अनेकदा गार आणि कडांना चिवट असतात. कोबी आणि फुलकोबी आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा येतात, वास्तविक या दोन्ही भाज्या गॅस करणाऱ्याच आहेत. हे आम्ही सांगूनही पुरता बदल झालेला नाही. रविवारी डबा बंद असतो. दर साध्या खाणावळीपेक्षा जास्त आहे, परंतु भिजवणे, मोड आणणे आणि मऊ शिजवणे यात जाणारा वेळ आणि गॅस पाहता मला तो रास्त वाटतो.

डबा बदलल्यावर पोट फुगणे बरेच कमी झाले. तरीही प्रत्येक तक्रार डब्याने सुटेल असे समजू नये. शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा आठवडेच्या आठवडे टिकणारे जुलाब असतील, तर मूग-भाताचे प्रयोग करत न बसता डॉक्टरांना दाखवावे. ब-12 जीवनसत्त्वाचाही विचार करावा, कारण ते धान्य-डाळी-भाज्यांतून मिळत नाही; दूध-दही बेताचेच घेणाऱ्याने त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

या डब्यासाठी मागणी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवावी लागते. सकाळी फोन करून हरभऱ्याऐवजी मूग मागितले तर मिळत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशीचे धान्य रात्रीच मोजून पाण्यात पडलेले असते.