वाडीवरची शाळा की तालुक्याची: पट आणि दर्जा वेगवेगळे पाहावेत

जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट पंधरा-वीसवर आलेल्या वाडीत पहिलीच्या प्रवेशाचा निर्णय बहुधा एकाच समजुतीवर होतो: पट गळाला, म्हणजे दर्जा गेला. ही समजूत तपासून घ्यावी. घटलेला जन्मदर, कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबे आणि दारात येणारी इंग्रजी शाळेची गाडी या कारणांचा वर्गातील अध्यापनाशी थेट संबंध नसतो.

लहान पटाचा खरा परिणाम शिक्षकसंख्येवर होतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत, म्हणजे पहिली ते चौथीचे वर्ग दोघांत जोडून चालवावे लागतात आणि त्यांतील एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकट्यावर येतात. मात्र दोघेही नियमित हजर असतील, तर वीस मुलांपैकी प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे शक्य होते. चाळीस मुलांच्या वर्गात, मग तो कितीही चकचकीत असो, ते जमत नाही.

तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इयत्तेला स्वतंत्र वर्ग असतो, सोबतीला समवयस्क मुले अधिक असतात आणि इंग्रजी सतत कानावर पडते. हे लाभ खरे आहेत. परंतु घरी इंग्रजी कोणालाच येत नसल्यास गृहपाठ शिकवणीवर जातो आणि शुल्क, गाडी, गणवेश यांच्या हिशेबात हा खर्च धरलेला नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळाला तरी गाडीभाडे बहुधा पालकांनाच भरावे लागते. जिल्हा परिषदेत पाठ्यपुस्तके मोफत असतात, दुपारचे जेवण मिळते आणि राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते. बोलण्याचा सराव मात्र पुष्कळ शाळांत तोकडा पडतो, हे मान्य करायला हवे.

दर्जा पाहण्यासाठी दोन्ही शाळांत तिसरीच्या चार-पाच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला आणि हातच्याची वजाबाकी करायला सांगावे. ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धतही साधारण अशीच आहे. इंग्रजी शाळेत उतारा इंग्रजी घ्यावा आणि वाचून झाल्यावर त्याचा अर्थ मराठीत विचारावा. फाटकावरच्या निकालाच्या फलकापेक्षा यातून अधिक कळते.

माझ्या मते, दोन शिक्षक टिकून असतील तर चौथीपर्यंत वाडीचीच शाळा सरस आहे. एकच शिक्षक असेल, तर गाडीचा विचार करण्याआधी जवळच्या मोठ्या पटाची जिल्हा परिषद शाळा पाहावी. वाडीची शाळा निवडणाऱ्यांनी मुलाचे नाव आधार नोंदणीसह 30 सप्टेंबरपूर्वी पटावर आल्याची खात्री करावी, कारण शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता त्या तारखेचा पट धरून होते.