गो भाषेतील ‘गो मॉड व्हेंडर’: लायब्ररी प्रकल्पातच ठेवण्याची सोय कितपत भरवशाची?

दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना, नेटवरून उतरवून घ्याव्यात की त्यांचा सोर्स कोड आपल्याच रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) ठेवावा, या जुन्या वादावर गो या प्रोग्रामिंग भाषेने दिलेला तोडगा मला मनापासून आवडतो. ‘गो मॉड व्हेंडर’ ही आज्ञा दिली की प्रकल्पाच्या बिल्डसाठी आणि चाचण्यांसाठी लागणारी पॅकेजेस ‘व्हेंडर’ फोल्डरमध्ये येतात, आणि १.१४ या आवृत्तीपासून (२०२०) हे फोल्डर असल्यास बिल्ड आपोआप तेच वापरते. अट एवढीच की प्रकल्पाच्या मॉड फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्ररी आणि त्यांच्या आवृत्त्या नोंदणारी फाइल) गोची आवृत्ती १.१४ किंवा त्यापुढची नोंदलेली हवी.

या सोयीचे समर्थन करताना बहुतेक जण मार्च २०१६ मधील लेफ्ट-पॅडचे उदाहरण देतात: जेमतेम ११ ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातून काढून घेतले आणि असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. मात्र १.१३ पासून गो मूळ रिपॉझिटरीऐवजी आधी प्रॉक्सीकडे (लायब्ररींच्या प्रती साठवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे) जाते, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला आहे. माझ्या दृष्टीने खरा लाभ वेगळाच आहे. लायब्ररीची आवृत्ती वाढवताना केवळ एक आकडा न बदलता, त्या लायब्ररीत बदललेली प्रत्येक ओळ रिव्ह्यूमध्ये समोर येते; पॅच आवृत्ती (किरकोळ दुरुस्ती) म्हणून आलेल्या बदलात एखादी नवी नेटवर्क विनंती घुसली असेल, तर ती वाचणाऱ्याच्या नजरेस पडण्याची शक्यता तरी राहते. त्यासाठी रिव्ह्यू करणाऱ्याने ‘व्हेंडर’मधील बदल न वाचता पुढे जाता कामा नये, आणि मोठ्या लायब्ररीच्या बाबतीत हे काम खरोखर जिकिरीचे असते.

गंभीर उणीव पडताळणीत आहे. लायब्ररी उतरवताना तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ‘गो डॉट सम’ फाइलमधील नोंदीशी ताडला जातो, परंतु ‘व्हेंडर’मधून बिल्ड करताना केवळ फोल्डरातील मॉड्यूल्सची (आवृत्ती दिलेल्या लायब्ररींची) यादी मॉड फाइलशी जुळते की नाही एवढेच पाहिले जाते. कोणी त्या फोल्डरातील एखादी ओळ हाताने बदलली, तरी बिल्ड तक्रार न करता पूर्ण होते. म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत) ‘गो मॉड व्हेंडर’ पुन्हा चालवून, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये काही फरक दिसतो का, हे तपासणे मी अत्यावश्यक मानतो. याशिवाय, ज्या उपफोल्डरात गोची फाइलच नाही तेथील सी भाषेच्या हेडर फाइली गाळल्या जातात, आणि सीगो (गोमधून सी भाषेचा कोड वापरण्याची सोय) वापरणाऱ्यांना त्याचा मनस्ताप होतो.

प्रती जवळ ठेवल्या की सुरक्षा दुरुस्त्या मागे पडतात, हा आक्षेप रास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीतील सुरक्षा त्रुटी उघड झाली, तेव्हा ती लायब्ररी पोटात बाळगणाऱ्या क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरना आपापल्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. गोच्या बाबतीत मात्र हा आक्षेप अर्धाच लागू पडतो, कारण येथे लायब्ररी कुठूनही आणली तरी ती सहसा अंतिम बायनरीतच (तयार प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये) मिसळते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा बिल्ड करणे चुकत नाही. उलट, हाताने चिकटवलेल्या कोडची आवृत्ती शोधणे कठीण असते, तर येथे प्रत्येक मॉड्यूलचे नाव आणि आवृत्ती यादीत नोंदलेली असते.

स्वतः लायब्ररी लिहिणाऱ्यांनी हे फोल्डर प्रकाशित करण्यात अर्थ नाही, कारण बिल्ड फक्त मुख्य प्रकल्पाचेच ‘व्हेंडर’ पाहते आणि इतरांचे दुर्लक्षित करते. ग्राहकाच्या बंदिस्त नेटवर्कमध्ये बिल्ड होणाऱ्या किंवा वर्षानुवर्षे सांभाळायच्या ॲप्लिकेशनसाठी मात्र, वरील सीआय तपासणी जोडून, मी ही सोय निःसंकोच सुचवीन.