ऑटोमॅटिक स्क्रीन प्रिंटिंग मशीनच्या हवा लीकेजसाठी अल्ट्रासोनिक लीक डिटेक्टर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी मत सांगून टाकतो, मग सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे कपड्यांवर छापणारं सहा-आठ हेडचं (हेड म्हणजे एकेक रंग छापणारा भाग) किंवा त्याहून मोठं ऑटोमॅटिक आहे आणि कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतोय त्यांनी अल्ट्रासोनिक लीक डिटेक्टर जरूर घ्यावा, पण नुसता घेऊन मशीनभोवती एक चक्कर मारली की काम झालं असं समजू नये, कारण त्यात निम्मे लीक सुटतात. का सुटतात ते खाली येईलच, खरं तर तेच सांगायला लिहायला बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दाबाखालची हवा बारीक भोकातून बाहेर पडताना जी खळबळ होते तिच्यात माणसाला ऐकू न येणारा आवाज भरपूर असतो. आपले कान जास्तीत जास्त 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात, हा डिटेक्टर साधारण 40 किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडतो आणि तो खाली आणून हेडफोनमध्ये सुसु असा ऐकवतो. फायदा असा की शॉपमधला बाकीचा गोंगाट, म्हणजे ड्रायरचा ब्लोअर, मशीन इंडेक्स होतानाचा, म्हणजे पुढच्या हेडकडे सरकतानाचा ठोका, गाणी, गप्पा, हे सगळं बऱ्यापैकी गायब होतं. शिवाय हा आवाज सरळ रेषेत जातो आणि लांबवर टिकत नाही, त्यामुळे ज्या दिशेला जोरात येतोय तिकडे सरकत गेलं की जागा सापडते. पुढे रबराचं निमुळतं नोझल लावलं की अगदी कुठल्या फिटिंगमधून येतंय तेही कळतं.

लीक शोधण्याआधी किती हवा जातेय ते मोजा, ही माझी पहिली विनंती. जेवणाच्या सुट्टीत किंवा काम संपल्यावर मशीन हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून बसायचं. लोड-अनलोड टाइपचा कॉम्प्रेसर असेल तर किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) ते लिहायचं. समजा 2 मिनिटं लोड आणि 6 मिनिटं अनलोड, तर 8 पैकी 2, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली 25 टक्के हवा कोणी वापरत नसताना चाललीय. दुसरी पद्धत टाकीची. कॉम्प्रेसर बंद करून प्रेशर उतरताना बघायचं, 500 लिटरची सिस्टीम 5 मिनिटांत 7 बारवरून 6 बारवर आली तर मिनिटाला साधारण 100 लिटर हवा गेली. 20 ते 30 टक्के लीकेज ही जुन्या, दुर्लक्षित लाइनमध्ये अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि चांगल्या सांभाळलेल्या ठिकाणी ते 10 टक्क्यांच्या आत ठेवतात. हा आकडा हातात नसेल तर दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे कोण सांगणार?

मग मशीनच्या तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून तीच टेस्ट परत. आकडा फारसा बदलला नाही तर चोर मशीनमध्ये नाही, लाइनमध्येच आहे. आमच्याकडे सगळ्यात मोठा लीक टाकीच्या ऑटो ड्रेनमध्ये निघाला, कचरा अडकून तो पूर्ण बंदच होत नव्हता आणि पाण्याऐवजी हवाच सोडत बसला होता. बारीक वाटणाऱ्या भोकाला कमी लेखू नका. 7 बारला 1 मिमीच्या भोकातून मिनिटाला साधारण 70 लिटर हवा जाते, 3 मिमीचं भोक असेल तर त्याच्या नऊपट, आणि ती हवा बनवायला जवळपास 4 किलोवॅट लागतात, तेही रात्रंदिवस.

आता मुख्य मुद्दा. आपल्या मशीनवरचे बहुतेक सिलेंडर डबल अ‍ॅक्टिंग असतात, म्हणजे एका सिलेंडरला दोन ट्यूब. स्क्वीजी (स्क्रीनमधून रंग दाबणारी रबरी पट्टी) खाली दाबलेली असते तेव्हा वरच्या बाजूच्या ट्यूबमध्ये हवा असते आणि खालची ट्यूब व्हॉल्व्हमधून एक्झॉस्टला मोकळी असते, स्क्वीजी वर आली की उलटं. फ्लड बारचंही (स्क्रीनवर रंग पसरवणारी पट्टी) तसंच, फ्रेम क्लॅम्पचंही तसंच, पॅलेटचा (कपडा ठेवायची पाटी) हवेवर चालणारा लॉक असेल तर त्याचंही. म्हणजे मशीन होम पोझिशनला उभं करून तुम्ही डिटेक्टर फिरवलात तर ज्या ट्यूबमध्ये त्या वेळी हवाच नाही तिचा लीक ऐकू येणार कसा! आणि नेमके प्रिंट स्ट्रोकमधले लीक, जे छपाईवर परिणाम करतात, ते या चक्करमध्ये लपून राहतात. म्हणून एक चक्कर स्क्वीजी वर, फ्लड खाली अशा स्थितीत आणि एक चक्कर स्क्वीजी खाली, फ्लड वर. क्लॅम्प बंद असताना एकदा, उघडे असताना एकदा. मॅन्युअल मोडमध्ये एकेक हेड हलवत हे करता येतं. वेळ जातो, पण खरा माल इथेच सापडतो. आमच्या एका हेडवर रंग कडेला फिका येत होता, स्क्रीन बदलून झाली, रबर बदलून झालं, प्रेशर वाढवून झालं, आणि शेवटी लीक निघाला स्क्वीजी खाली असतानाच भरणाऱ्या ट्यूबच्या एल्बोमध्ये (काटकोनी जोड). मशीन उभं असताना तो एल्बो अगदी गप्प.

डिटेक्टर जागा दाखवतो, दोषी कोण ते सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मॅनिफोल्डचा (सगळे व्हॉल्व्ह बसवलेला ब्लॉक) सायलेन्सर, वापरलेली हवा जिथून बाहेर पडते तो. त्यातून सतत हवा येत असेल तर डिटेक्टर तिथे जोरात वाजतो आणि पहिला हात व्हॉल्व्हकडे जातो, पण तीच हवा सिलेंडरच्या पिस्टन सीलमधून पलीकडच्या बाजूला जाऊन परतीच्या ट्यूबने व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टला आलेली असू शकते. ओळखायचं असं: ज्या बाजूला हवा नाही ती ट्यूब सिलेंडरवरून काढायची, पण आधी हवा बंद करून, प्रेशर पूर्ण उतरवून आणि हेड खाली येणार नाही अशी टेकण देऊन. मग हात लांब ठेवून हवा सोडायची. सिलेंडरच्या उघड्या पोर्टमधून हवा आली तर पिस्टन सील गेलंय, सील किट लावा. तिथे शांतता आहे आणि सायलेन्सरमधून तरीही येतेय तर मग व्हॉल्व्ह उघडा. सगळ्या व्हॉल्व्हचा एक्झॉस्ट एकाच सायलेन्सरला असेल तर हे एकेका सिलेंडरसाठी करावं लागतं, त्याला इलाज नाही. एक पूर्ण व्हॉल्व्ह बदलण्यापेक्षा ही दहा मिनिटं स्वस्त पडतात.

आणि कृपया, लीक कुठे आहे ते बघायला बोट लावू नका. दाबाखालची हवा कातडीत शिरली तर ते गंभीर असतं.

आमच्याकडे मिळालेले बहुतेक लीक पुश फिटिंगमध्ये (ट्यूब नुसती आत ढकलून बसवायचे जोड) होते, सिलेंडरमध्ये तुलनेने थोडे. आणि फिटिंगमधल्या लीकचं कारणही बहुतेक वेळा फिटिंग नसून ट्यूबचं टोक असतं. साइड कटरने किंवा कात्रीने कापलेली ट्यूब तिरकी कापली जाते, टोक अंडाकृती होतं आणि आतली ओ-रिंग पूर्ण गोल पकडत नाही. ट्यूब कटर घ्या, पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब काटकोनात कापा, आणि एकदा काढलेली ट्यूब परत लावताना ओरखडे पडलेलं टोक थोडं कापूनच लावा. दुसरं म्हणजे मापाची सरमिसळ. काही मशीन इंचाच्या मापात येतात, पाव इंच म्हणजे 6.35 मिमी, आणि त्या फिटिंगमध्ये कोणीतरी 6 मिमीची ट्यूब घातलेली असते. ती बसते, धरते, आणि बारीक गळत राहते, कधी निसटतेही. 8 मिमी आणि पाच सोळांश इंच मात्र जवळजवळ सारखे आहेत, 7.94 मिमी, म्हणून तिथे हे चालून जातं आणि मग लोकांना वाटतं सगळीकडेच चालेल. ट्यूब फिटिंगमधून बाहेर पडताच वाकलेली असेल तरी लीक होतो, थोडी जास्त लांबी ठेवून सैल वळण द्या.

कॅरेजबरोबर पुढे-मागे जाणाऱ्या ड्रॅग चेनमधल्या (ट्यूब-वायर सांभाळणारी प्लास्टिकची साखळी) ट्यूब वेगळ्या तपासा, त्या वाकून वाकून आतल्या वळणावर चिरतात आणि चीर ठरावीक पोझिशनलाच उघडते. इथे डिटेक्टर धरून कॅरेज अगदी हळू सरकवायला दुसरा माणूस लागतो.

धाग्याच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतला सरकणारा दांडा) बसतात आणि एक लीक बंद करताना दुसरा तयार होतो. सरळ आट्याला टेपचा उपयोग नसतो, तिथे वॉशर किंवा ओ-रिंगच सील करते.

आता डिटेक्टरच्या उणिवा. कमी प्रेशरचे लीक तो नीट पकडत नाही. रेग्युलेटरनंतर स्क्वीजीला 2-3 बारच जात असेल तर तिथला लीक फार हळू वाजतो, तिथे मी अजूनही साबणाचं पाणी ब्रशने लावतो आणि बुडबुडे बघतो, फक्त इलेक्ट्रिकच्या आसपास नाही. पत्र्याच्या कव्हरवरून आवाज परत फिरतो आणि लीक भलतीकडेच आहे असं वाटतं, मध्ये पुठ्ठा धरला आणि आवाज तुटला नाही तर समजायचं की तो दुसरीकडून येतोय. सर्व्हो ड्राइव्ह आणि खराब इलेक्ट्रिक कनेक्शनही या पट्ट्यात आवाज करतात, पॅनलजवळ गोंधळ होतो. डिटेक्टरच्या स्क्रीनवरचा डेसिबलचा आकडा बघून लीक केवढा ते ठरवू नका, भोकाचा आकार, अंतर, कोन, सगळ्यावर तो बदलतो. काही प्रिसिजन रेग्युलेटर मुळातच थोडी हवा सतत सोडतात, मॅन्युअल बघितल्याशिवाय ते बदलायला काढू नका. साध्या रेग्युलेटरच्या बॉनेटच्या (वरच्या टोपीच्या) भोकातून मात्र सतत हवा येत असेल तर डायफ्राम फाटलाय किंवा सीटवर कचरा आहे.

एक गोष्ट फक्त आपल्या धंद्यातली. पॅलेटच्या गोंदाचा स्प्रे आणि कपड्याचं लिंट सगळीकडे बसतं, सिलेंडरच्या रॉडवर त्याचा थर झाला की वायपर आणि रॉड सील खरवडलं जातं. रॉड सीलचा लीक डिटेक्टरवर स्पष्ट वाजतो आणि रॉड आत-बाहेर होताना त्याचा सूर बदलतो, त्यावरून लगेच ओळखू येतो. सील बदलण्याआधी रॉडवर नखाला लागेल असा ओरखडा आहे का बघा, असेल तर नवीन सीलही टिकणार नाही. आणि स्क्रीन धुवायचं सॉल्व्हंट एफआरएलच्या (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) पारदर्शक पॉलिकार्बोनेट बाउलवर उडू देऊ नका, बाउल तडकतो आणि दाबाखाली फुटू शकतो. पुसायचा असेल तर सौम्य साबणाचं पाणी पुरे.

वस्तू म्हणून बोलायचं तर हेडफोन कान पूर्ण झाकणारा घ्या, बरोबर येणारा साधा असेल तर बदलून टाका, अर्धा उपयोग हेडफोनवर आहे. सेन्सिटिव्हिटीचं बटण फिरतं असलेलं बरं, लांबून शोधताना जास्त आणि जवळ गेल्यावर कमी करत जायचं असतं. नोझल नसलेलं मॉडेल मॅनिफोल्डवर निरुपयोगी, दोन फिटिंगमध्ये बोटभर अंतर असतं तिथे नक्की कुठली ते कळत नाही. बॅटरीची तक्रार नाही. लीक सापडला की लगेच रंगीत टॅग बांधायची सवय लावा, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी परत शोधावा लागतो.

लीक बंद झाल्यावर कॉम्प्रेसरचं सेटिंगही खाली आणा, हे बरेच जण करत नाहीत. लीकमुळे लांबच्या हेडला प्रेशर पुरत नव्हतं म्हणून कोणीतरी कधीतरी ते वाढवलेलं असतं आणि तसंच राहतं. 7 बारच्या आसपास 1 बार कमी केला की वीज साधारण 7 टक्के वाचते, शिवाय उरलेसुरले लीकही तेवढे कमी वाहतात. एकदम नको, थोडं थोडं उतरवायचं, आणि सगळी हेड एकत्र स्ट्रोक मारत असताना शेवटच्या हेडच्या गेजवर नजर ठेवायची. काटा स्ट्रोकबरोबर डुबकी मारायला लागला की एक पायरी वर जाऊन थांबायचं.