गंगापूर रोडवरील बालमेंदूविकारतज्ज्ञांकडील आमचा अनुभव

घसा दुखून ताप आल्यानंतर दोनच आठवड्यांत आमचा आठ वर्षांचा मुलगा सतत हात धुऊ लागला, आईला क्षणभरही सोडेना आणि त्याचे अक्षर ओळखू येईनासे झाले. आधीच्या एका ठिकाणी मात्र ‘लाडावलाय’ एवढेच ऐकून आम्ही परतलो होतो. नाशिकच्या या डॉक्टरांनी पाऊण तास शांतपणे सारे विचारले आणि लक्षणे नेमकी कोणत्या दिवशी सुरू झाली, याचा बारकाईने शोध घेतला. घशाचा संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे चुकून मेंदूतील बेसल गँग्लियावर (हालचाली व सवयींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागावर) परिणाम करत असावीत, अमेरिकेतील डॉ. सुझन स्वीडो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा ५० मुलांचे वर्णन ‘पांडास’ (या जंतूंच्या संसर्गानंतर मुलांच्या वागण्यात अचानक बदल घडवणारा विकार) या नावाने केले, हे त्यांनी समजावले. या निदानाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही लपवले नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. घशाचा स्वॅब आणि एएसओ (रक्तातील स्ट्रेप्टोकॉकसविरोधी प्रतिपिंडांची) तपासणी झाली, पण केवळ एएसओ वाढल्याने निदान ठरत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. प्रतिजैविकासोबत वर्तनोपचारही सुचवले. वेळ ठरवूनही दोन तास थांबावे लागते, त्यामुळे घाबरलेल्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी.