चोवीस जेल, सात महिने आणि एक न फाटणारा कोपरा

फुटायला नको तिथं फुटतात आणि फाटायला हवं तिथं फाटत नाहीत. लांब सायकल राईडला ताकद म्हणून खायचं हे पाकिटातलं एनर्जी जेल सात महिने वापरून माझं मत एवढंच होतं. आता थोडं बदललंय, पण पाकिटाच्या कोपऱ्याबद्दलचं नाही.

संत्र्याच्या चवीची चोवीस पाकिटं, सूट धरून 2,400 रुपये. डबा उघडला तर दोन फुटलेली आणि उरलेली बावीस त्यांच्या पाकात माखलेली. कस्टमर केअरला कळवलं. उत्तर आलं, 'अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा.' डबा उघडताना व्हिडिओ काढायला ते काय लग्नाचं रुखवत आहे? चार मेल झाल्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळाली. म्हणजे गेलेले दोनशे परत मिळवायला आणखी दोन हजार घालायचे. नाद सोडला.

माझं पोट मुळातच नाटकी. डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतडं जरा कशानं बिघडायचा आजार, लिहून दिलंय. रविवारी राईड संपवून सगळे मिसळीला बसतात, मी ताक पितो आणि लोकांचा कट बघतो. सायकल चालवताना तर विचारायलाच नको. जोर लावला की रक्त पायांकडं धावतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं, आणि ते लगेच संप पुकारतं.

पहिली मोठी राईड बेळगाव रस्त्याला. कागलपर्यंत मजेत. पहिल्या दोन तासांत तीन जेल घेतले, वर बाटलीतलं गोड इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांचं पाणी, प्यायलो. निपाणीच्या अलीकडं पोटात पीळ पडायला लागला. पुढची पस्तीस मिनिटं एका हॉटेलच्या संडासात गेली, बाहेर वेटर दोनदा विचारून गेला. घरी येऊन ठरवलं, एकच स्टार.

तो स्टार आता मागं घेतो. एका मित्रानं विचारलं, "भावा, जेलवर साधं पाणी किती प्यालास?" शून्य. जेल म्हणजे दाट साखर, वरून गोड पाणी. एवढा पाक आतड्यात गेला की तो अंगातलंच पाणी आत ओढून घेतो आणि मग जुलाब. शिवाय आदल्या रात्री लग्नात दोन वाट्या पांढरा रस्सा झाला होता. तांबड्याला हात लावला नाही म्हणून स्वतःला शहाणा समजत होतो.

मग पद्धत बदलली. दर वीस मिनिटांनी अर्धं जेल, वर साध्या पाण्याचे चार घोट. एका जेलमध्ये 25 ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट), म्हणजे तासाला 37 च्या आसपास. लांब पल्ल्याला तासाला 30 ते 60 ग्रॅम सांगतात, पोट सरावलेले लोक 90 पर्यंत जातात. माझं पोट चाळिशीलाच हात जोडतं. पण पीळ पडला नाही, हे खरं.

आणि इथंच तो कोपरा आडवा येतो. अर्धं जेल खायचं तर उरलेलं अर्धं ठेवायचं कुठं? पाकिटाला झाकण नाही. खाचेतून फाडायला गेलं की कोपरा अर्ध्यात अडकतो, दातानं ओढला की दातात राहतो. तवंदी घाटात एका हातानं हँडल धरून हे करताना निम्मं मिशीत गेलं, निम्मं ग्लोव्हवर. तिथून गिअरला चिकटलं, ते दोनदा धुऊनही अजून चिकचिकतंय. शंभर रुपयांच्या मालाला कापायची धड खाच नको?

आईनं ते जेल चाखलं आणि म्हणाली, "आरं, ही तर काकवीच की रं. चमचाभराला शंभर रुपये?"

डोक्यात प्रकाश पडला. पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळातून काकवी आणली, चिमूटभर मीठ घालून सॉसच्या पिळायच्या बाटलीत भरली. जोतिबाचा चढ, अडीच तासांची राईड, पोट एकदम गप्प. लई भारी! महिनाभर सगळ्यांना काकवीच सांगत सुटलो. मग राधानगरीची पाच तासांची राईड केली आणि चौथ्या तासाला पोट परत गुरगुरलं. काकवीतली साखर पोटात फुटून निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोजची शोषायची वाट वेगळी आणि अरुंद. तिथं गर्दी झाली की उरलेलं खाली जाऊन गॅस करतं. माझ्या जेलमध्ये हेच प्रमाण दोनास एक आहे, फ्रुक्टोज एक. मनात नसताना कंपनीला इथं मार्क द्यावे लागतात.

सध्याची पद्धत अशी : पहिले तीन-चार तास केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, थोडी काकवी. पुढं जेल. पण पाकिटातून नाही. आदल्या रात्री घरी कात्रीनं सहा पाकिटं कापायची, सॉसच्या बाटलीत पिळायची, थोडं पाणी घालून हलवायचं. झाकण आहे, हवं तेवढंच येतं, हात कोरडे. गेल्या महिन्यात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब राईड, अशीच केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मला साडेअकरा लागले. निपाणीच्या त्या हॉटेलसमोरून न थांबता गेलो. खर्च जेलचे सहाशे. सगळी जेलवर काढली असती तर सतराशेच्या आसपास गेलो असतो.

स्टार तीन. दोन कोपऱ्याचे कापले.

डब्यात सात उरलीत, एक्सपायरी पुढच्या महिन्यात. कुणाला हवी असतील तर रविवारी सकाळी सहाला रंकाळ्यावर या, निम्म्या किमतीत देतो. कात्री आपापली आणायची.